गैरहजेरीचे कारण

शाळेच्या डायरीत अगदी मागे एक पान असते. त्यावर तीन रकाने: दिनांक, गैरहजेरीचे कारण, पालकांची सही. बहुतेक मुलांचे हे पान वर्षअखेर जवळजवळ कोरेच राहते. पावसाळ्यात एकदा ताप, डिसेंबरात मावशीचे लग्न, की संपले. आता नववीतल्या एका मुलाची डायरी डोळ्यांसमोर आणा. (हा मुलगा कोणी एक नाही. अशा घरांतून जे घडते ते एकत्र करून मी तो उभा केला आहे.) २४ जून, पोटदुखी. १ जुलै, पोटदुखी. ८ जुलै, उलट्या. त्या वर्षीचे कॅलेंडर काढून पाहिले तर तिन्ही सोमवार. जुलैअखेर डोकेदुखीचे सलग दोन दिवस. ऑगस्टमध्ये ‘घरगुती कारण’. गणपतीत ‘गावी गेल्यामुळे’, आणि त्या आठवड्यात घरातले कोणीही गावी गेलेले नाही. पुढे कारणाचा रकाना रिकामा, नुसती सही. दिवाळीनंतर सहीसुद्धा नाही.

अक्षर आईचे. जूनमध्ये गोल आणि नीट, ऑगस्टपासून घाईघाईचे.

मधल्या काळात डॉक्टर झाले. सोनोग्राफीत काही निघाले नाही, रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, शाळेचं टेन्शन असेल.’ या वाक्यातल्या ‘काही नाही’ने त्या घराचे बरेच नुकसान केले. वडिलांनी त्याचा अर्थ लावला, ‘नाटकं करतोय.’ आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आईने दोघांचेही ऐकून घेतले आणि पुढच्या सोमवारी सकाळी मऊ भात टाकला.

डॉक्टरांपेक्षा आपल्या भाषेला हे दुखणे जास्त ठाऊक आहे. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते. शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक उघडले तर हीच यादी तिथे सापडते. धोका जाणवताच अॅड्रेनॅलिन सुटते, हृदय धडधडू लागते, आतड्यांकडचे आणि कातडीकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, लाळ आटते. समोर वाघ असेल तर ही तयारी जीव वाचवते. समोर ‘नववी ब’चे दार असेल तर तिचे रूपांतर कळ, मळमळ आणि संडासाकडे धाव यात होते. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि मेंदूशी त्याची ये-जा दोन्ही बाजूंनी चालू असते. तेव्हा पोट दुखते हे खरे. सोनोग्राफी अवयवाचा आकार दाखवते, गोळा दाखवत नाही.

म्हणून डॉक्टरी तपासणी एकदा नीट करावी. रक्तक्षय, थायरॉईड, डोळ्यांचा नंबर, अर्धशिशी हे सगळे पाहून घ्यावे. आणि मग थांबावे. दर महिन्याला नवा डॉक्टर गाठला की मुलाला कळते ते एवढेच, की आपल्याला काहीतरी भयंकर झाले आहे आणि ते कोणाला सापडत नाही. घरात त्याऐवजी दोन वाक्ये लागतात आणि ती एका दमात म्हणावी लागतात: ‘तुझं पोट दुखतंय, मला मान्य आहे. आणि दुखऱ्या पोटानंही शाळेत जाता येतं.’ बहुतेक घरांत यातले एकच वाक्य बोलले जाते. पहिले आई बोलते, दुसरे वडील, आणि मग भांडण त्या दोघांत लागते. मुलगा चादर ओढून घेतो.

दांडी मारणे वेगळे. दांडीबहाद्दर सकाळी वेळेवर निघतो, डबा घेतो, आईला टाटा करतो आणि शाळेऐवजी नदीवर किंवा मित्राच्या रिकाम्या घरी पोचतो. संध्याकाळी दप्तर टाकून ‘भूक लागली’ म्हणतो. घराला पत्ता नसतो. आपला मुलगा मात्र घरातच आहे, सगळ्यांना दिसतो आहे, आणि बुडालेल्या अभ्यासाची त्याला लाजही वाटते आहे. अमेरिकेत १९३२ साली ब्रॉडविन या अभ्यासकाने दांडी मारणाऱ्या मुलांतून हा गट पहिल्यांदा वेगळा काढला. ही मुले शाळा सोडून कुठे भटकत नाहीत, घरी येऊन आईजवळ बसतात, हे त्याने टिपले होते. १९४१ मध्ये अॅडलेड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी याला ‘स्कूल फोबिया’ म्हटले आणि मूळ शोधले ते आई-मुलाच्या एकमेकांपासून न सुटण्यात. पुढची काही दशके सगळा दोष आईच्या पदरात पडला, हे वेगळे सांगायला नकोच. फोबिया हे नाव आता मागे पडले आहे, कारण या मुलांपैकी सगळ्यांना शाळेची भीतीच असते असे नाही. आता सरळ ‘शाळा नाकारणे’ म्हणतात.

या विषयाला खरे वळण दिले ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांनी, १९९०च्या सुमारास. मुलाला ‘का जात नाहीस?’ विचारले की तो खांदे उडवतो. तो लपवत नसतो, त्याला सांगताच येत नसते. कर्नींनी प्रश्न फिरवला: न जाण्याने त्याला काय मिळते? उत्तरे चार निघाली. काहींची नकोशा जागेपासून सुटका होते. ही जागा म्हणजे दर वेळी वर्गच असतो असे नाही. कडी नसलेले, पाणी नसलेले शाळेचे स्वच्छतागृह ही कितीतरी मुलींच्या दृष्टीने शाळेतली सर्वांत भीतिदायक जागा असते, विशेषतः महिन्यातले चार दिवस. काहींची सुटका होते ती लोकांच्या नजरेतून: तोंडी परीक्षा, फळ्यापाशी उभे राहणे, पीटीच्या तासाला संघ निवडताना शेवटी उरणे. आणि मधली सुट्टी. तासाला निदान जागा ठरलेली असते. मधल्या सुट्टीत डबा कोणाजवळ बसून खायचा हे रोज नव्याने ठरते, आणि ज्याला कोणी सरकून जागा देत नाही त्याच्यासाठी ती वीस मिनिटे गणिताच्या पेपरापेक्षा लांब असतात. तिसऱ्या गटातल्या मुलांना आईचा किंवा वडिलांचा सहवास मिळतो. घरात आजारपण, भांडणे किंवा नुकताच झालेला मृत्यू असेल तर हे जास्त. चौथ्या गटाला घरी काहीतरी शाळेपेक्षा गोड मिळते, आणि आजच्या घरात ते काय हे सांगायची गरज नाही. पुष्कळांच्या बाबतीत सुरुवात पहिल्या-दुसऱ्याने होते आणि चौथे नंतर येऊन चिकटते. मोबाइलमुळे शाळा सुटली असे वडील म्हणतात. बऱ्याचदा क्रम उलटा असतो.

आता एक सकाळ जवळून पाहू. पावणेसात. गणवेश दाराच्या खुंटीवर इस्त्री करून टांगलेला. डब्यात पोळी-भाजी भरलेली, झाकण अजून उघडे, वाफ जाण्यासाठी. मुलगा कुशीवर, गुडघे पोटाशी. सात वाजता आई हाक मारते, सात दहाला ओरडते, सव्वासातला पायाशी बसून विनवते. सात वीसला रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजतो. एक, दोन, तिसरा लांबलचक. आई खिडकीतून म्हणते, ‘काका, आज नाही येत.’ रिक्षा जाते. साडेसातला मुलाचे पोट दुखायचे थांबते. आठ वाजता तो तीच पोळी-भाजी खातो.

वडिलांना हा पुरावा वाटतो: ‘बघ, रिक्षा गेली की बरा!’ पुरावा तो आहेच, पण नाटकाचा नाही. धोका टळला की शरीर शांत होते, एवढेच घडले. आणि त्या दहा मिनिटांत शरीर एक धडा पक्का करते, की रिक्षा गेली म्हणून आपण वाचलो. उद्याचा गोळा आजच्यापेक्षा मोठा असणार, कारण आज टाळण्याची मजुरी रोख मिळाली. या साखळीत मुलगा एकटा नाही. रिक्षा गेल्यावर आईलाही सुटल्यासारखे होते. रडणे थांबते, शेजाऱ्यांना ऐकू जाणे थांबते, तिला ऑफिसची लोकल मिळते. टाळण्याची मजुरी तिलाही मिळते. म्हणून हे चक्र समजूतदार घरांतसुद्धा महिनोन्महिने चालते. मारून-मुटकून ते तुटत नाही, कारण मार म्हणजे भीतीत भर. लाडानेही तुटत नाही, कारण लाड म्हणजे मजुरीत भर.

पाच वर्षांच्या मुलाला उचलून रिक्षात बसवता येते. शिशुवर्गाच्या दारातले रडे दहा मिनिटांत थांबते हे प्रत्येक बाईंना माहीत असते. नववीतला मुलगा आईपेक्षा वीतभर उंच आहे. त्याला ओढता येत नाही, ओढूही नये. शिवाय त्याच्या शरीरातले घड्याळ पुढे सरकलेले आहे. पौगंडावस्थेत झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा सुटू लागते, त्यामुळे दहाला आडवे झाले तरी डोळा लागत नाही आणि सकाळी सहा वाजता त्याचे शरीर अजून रात्रीत असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली, मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू झाला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचा आदेश काढला, तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. झोपेचे घड्याळ ज्यांचे खरोखर पुढे सरकते ती आठवी-नववीची मुले पहाटेच्या रिक्षातच राहिली.

या प्रश्नाशी दीर्घकाळ झगडलेला देश जपान. आपल्याला जपानी शाळा म्हटली की ‘तोत्तोचान’मधली आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए आठवते. त्या पुस्तकाची सुरुवात मात्र छोट्या मुलीला पहिल्या शाळेतून काढून टाकण्याने होते, हे आपण विसरतो. जपानमध्ये आधी ‘तोकोक्योही’ म्हणजे शाळेला जायला नकार असा शब्द होता. त्यात मुलावर ठपका आहे म्हणून पुढे ‘फुतोको’, नुसते ‘शाळेत न जाणे’, हा शब्द रूढ झाला. आजारपण आणि गरिबी ही कारणे वगळून वर्षात तीस किंवा अधिक दिवस गैरहजर राहिलेले मूल या गणतीत येते. १९९२ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या समितीने, हे कोणत्याही मुलाच्या बाबतीत घडू शकते असे लिहून ठेवले. सरकारी कागदात हे वाक्य येणे मोठी गोष्ट होती. त्याआधी, १९८५ मध्ये, केइको ओकुची या शिक्षिकेने तोक्योत ‘तोक्यो शुरे’ ही मुक्त शाळा सुरू केली होती. तिच्या स्वतःच्या मुलाने शाळा नाकारली होती. २०१६ मध्ये शाळेबाहेरच्या शिकण्यालाही मान देणारा कायदा झाला. इतके होऊनही २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक मिळून ३,४६,४८२ मुले या गणतीत होती. कनिष्ठ माध्यमिकमध्ये साधारण दर पंधरा मुलांमागे एक. कायदा झाला म्हणून पोटातला गोळा जात नाही. आईला चोरट्यासारखे वाटणे मात्र कमी होते, आणि ते थोडेथोडके नाही.

आपल्या नववीतल्या मुलाकडे परत येऊ. दोन आठवडे बुडाले असतील तर लवकरात लवकर परत, थोडी सक्ती करूनही, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन-चार महिने बुडाले असतील तर सक्तीचा दिवस निघून गेला. मग पायऱ्या.

पहिली पायरी शाळेत नाहीच, घरात आहे. शाळेच्या वेळात घर कंटाळवाणे झाले पाहिजे. ही शिक्षा वाटता कामा नये आणि सणही वाटता कामा नये. सातला उठणे, अंघोळ, अंथरूण गोळा. आजारी असेल तर पडून राहावे, पण स्क्रीन बघायचा नाही. आजारी नसेल तर टेबलाशी. दुपारी खास काही रांधायचे नाही. मोबाइल हिसकावून घेऊ नये. त्यातून जे घडते ते अनेक घरांनी भोगले आहे. शाळा सुटायच्या वेळेपर्यंत वायफाय बंद राहील असे आदल्या रविवारी, शांतपणे, दोघांनी मिळून सांगावे. ‘दोघांनी मिळून’ हे यातले सर्वांत अवघड. आणि शाळेची चर्चा रात्री झोपताना कदापि नको.

मग वर्गशिक्षिकांची भेट, मुलाला न नेता. बाईंच्या वर्गात साठ मुले आहेत, त्यांच्याकडे सहानुभूती मागू नये, ठरावीक गोष्टी मागाव्यात. पहिल्या आठवड्यात प्रश्न विचारू नका. ‘या या, साहेब उगवले’ असे काही नको. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात पुस्तके लावायचे काम द्या. मागची वही पूर्ण करायची अट आत्ता घालू नका. बहुतेक बाई हे करतात. त्यांना कोणी इतके नेमके सांगितलेले नसते.

नंतरच्या पायऱ्या मुलाशी बसून कागदावर मांडायच्या, सोप्यापासून अवघडापर्यंत. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानात चक्कर. दुसऱ्या दिवशी गणवेश घालून फाटकापर्यंत. मग बाईंना शिक्षकखोलीत पाच मिनिटे भेटणे. मग एकच तास, आवडत्या विषयाचा, आणि शक्यतो शेवटचा, म्हणजे सगळ्यांबरोबर बाहेर पडता येते. मग शेवटचे दोन. प्रत्येक पायरीवर गोळा येणार. तो येऊ द्यायचा आणि तो उतरेपर्यंत तिथेच थांबायचे. यातच सगळे उपचार आहेत. विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ हेच जास्त कौशल्याने करतात, आणि दोन-तीन आठवडे आपल्याने होत नसेल तर त्यांच्याकडे जावे. सोडायला आईऐवजी दुसरे कोणी गेले तर अनेकदा सोपे जाते: मामा, आत्या, वरच्या मजल्यावरचा कॉलेजला जाणारा दादा.

आणखी एक बारीक गोष्ट. परतणाऱ्या मुलाला अभ्यासाची भीती असते त्याहून मोठी भीती असते ‘इतके दिवस कुठे होतास रे?’ या प्रश्नाची. त्याचे उत्तर घरी तयार करून घ्यावे. ‘बरं नव्हतं. गणिताचा कुठला धडा चाललाय?’ दोन वाक्ये. दुसऱ्या वाक्याने विषय बदलतो. आरशासमोर नको, ताईबरोबर भांडी पुसता पुसता दहा वेळा म्हणून घ्यावे.

आणि शाळाच चुकत असेल तर? मग पायऱ्या मांडण्याआधी ती चूक थांबली आहे का ते पाहावे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घालते. वर्गातली चिडवाचिडवी हल्ली शाळा सुटल्यावर व्हॉट्सअॅपच्या गटात चालू राहते. लैंगिक त्रासाचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली लगेच तक्रार, तिथे पायऱ्याबियऱ्या नाहीत. आणखी एक कारण शाळा आणि घर दोघांच्याही नजरेतून निसटते. काही हुशार मुले वाचनातली अडचण पाठांतराच्या जोरावर सातवीपर्यंत झाकतात, आणि आठवी-नववीत पुस्तके जाड झाली की उघडी पडतात. अशा मुलाला अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. तो खाणेपिणे सोडत असेल, आवडीच्या गोष्टींतूनही मन काढून घेत असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर शाळा हा विषय त्या दिवसापुरता बाजूला. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

या टप्प्यावर घरातले कोणीतरी रवींद्रनाथांचे नाव घेते. ते शाळेत रमले नाहीत हे खरे. पण घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत मास्तर येत होते, आणि १९०१ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनात काढली ती शाळाच. आइनस्टाइनने पंधराव्या वर्षी म्युनिकची शाळा सोडली आणि पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या आराऊच्या शाळेत आनंदाने बाकावर बसला. एक शाळा न सोसणे आणि माणसांत बसून शिकणे न सोसणे यांत फरक आहे. बोर्डाला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. ती भरणार नसेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, १९८९ पासून चालत आलेले राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. माझा याला मुळीच विरोध नाही. मात्र घाबरलेल्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला हातात देऊन चार भिंतींत ठेवले तर तो परीक्षेला बसेल, पण परीक्षा केंद्राच्या फाटकात तोच गोळा त्याची वाट पाहत असेल. हा रस्ता घ्यायचा तर बरोबर क्लास, मैदान, तबल्याची शिकवणी, रोज चार अनोळखी माणसांत नेणारे काहीतरी हवेच.

डायरीचे ते पान जानेवारीत पुन्हा उघडले गेले. तोवर मुलगा शेवटच्या दोन तासांवरून चार तासांपर्यंत आला होता, आणि आता पहिल्या घंटेपासून बसू लागला होता. त्या गुरुवारी चौथ्या तासानंतर पोट दुखू लागले. तो आधी ग्रंथालयात बसला, मग शिक्षकखोलीत, आणि शेवटी आईला फोन करून घरी आला. आईने रात्री डायरी घेतली. ‘पोटदुखी’ लिहायला पेन टेकवले आणि उचलले. मग कारणाच्या रकान्यात, जागा पुरेना म्हणून दोन ओळींत, लिहिले: ‘चार तास बसला. पाचव्याला भीती वाटली म्हणून घरी आला. उद्या येईल.’ खाली सही केली. शुक्रवारी बाईंनी त्या सहीशेजारी लाल पेनाने आपली सही केली आणि कंसात लिहिले, ‘आला आहे.’